पलीकडच्या पाळीवरचं हसू

आमच्या गावच्या तलावावर भल्या सकाळी कोणीतरी हसतं आणि ते माझ्यामुळे हसतं, असं गावात अजूनही बोललं जातं. किराणा दुकानात गेले की बायका आपल्या पोरांना माझ्यापासून दूर ओढत नाहीत, पण ओढल्यासारखं करतात. म्हणून एकदाचं सगळं लिहूनच टाकते. मला लिहिता-बोलता येतं हे आता तालुक्याला माहीत आहे. दिवाळीनंतरच्या वक्तृत्व स्पर्धेत मी पहिली आले, आणि तेव्हापासून कोणासमोरही, कशावरही बोलायची मला भीती वाटत नाही. आई म्हणते, घरातला खरा आजार हाच आहे.

सुरुवात झाली ज्योत्स्ना मॅडमच्या तासाला. विषय होता ताणतणावाचं व्यवस्थापन. मॅडमनी फळ्यावर एक जिना काढला. सगळ्यात खालच्या पायरीवर बसलेला माणूस म्हणतो, "मला कुठे काय झालंय?" त्याच्या वरच्या पायरीवर म्हणतो, "झालंय खरं, पण बघू." त्याच्या वर तो तयारी करतो, मग खरोखर सवय बदलतो, आणि शेवटच्या पायरीवर बदललेला टिकून राहतो. मॅडम म्हणाल्या, "माणसाला ढकलून वर नेता येत नाही. तो कुठे बसलाय ते ओळखा आणि पुढची एकच पायरी दाखवा." मग प्रकल्प दिला. घरातल्या एका माणसाची ताण घालवायची एक सवय बदलून दाखवायची. मी मात्र 'ढकलून नेता येत नाही' हे वाक्य नीट ऐकलं नव्हतं, कारण तेव्हा मी माणूस निवडत होते.

माणूस म्हणजे माझे बाबा. सोमाजी लाइनमन. आमच्या भागात झाडाची फांदी नुसती हलली तरी लाइट जाते. लाइट गेली की गावात अंधार होतो आणि बाबांच्या फोनला उजेड येतो. "सोमाजीभाऊ, लाइट कवा येते?" जेवताना, आंघोळीला जाताना, एकदा तर सख्ख्या मावशीच्या तेरवीत. गावाची डीपी, ती ट्रान्सफॉर्मरची पेटी, आहे तलावाच्या पलीकडच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, शेवटच्या खांबाजवळ, आणि खांबाच्या मागे लगेच जंगल सुरू होतं. त्या जंगलात कोण राहतं हे मी सांगायला नको. हिवाळ्यात तर त्याच्या पंजाचे ठसे पाळीवर आपल्या चपलांच्या ठशांवर उमटलेले असतात.

तर एवढा सगळा ताण बाबा घालवायचे खर्र्याने. सुपारीचे तुकडे, तंबाखू, चुना, हे सगळं प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळायचं आणि दोरी गुंडाळलेल्या लाकडी पाटीवर तळहाताने घोटत राहायचं. खर्र, खर्र, खर्र. आमच्या गावाला हाच आवाज सगळ्यात ओळखीचा. शेजारी मुखरूकाकांचा पानठेला आहे, त्यामुळे माझी झोप याच आवाजाने मोडते. विकायला बंदी आहे म्हणतात, त्यामुळे खर्रा फक्त सगळीकडे मिळतो.

आता मुद्दा. गावात दातांच्या डॉक्टरचं शिबिर आलं होतं. डॉक्टर म्हणाले, "तीन बोटं उभी धरून तोंडात घालून दाखवा." बाबांच्या तोंडात दोनच गेली, तीही कशीबशी. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. खर्रा थांबला नाही तर तोंड आणखी मिटत जाईल, आणि पुढे काय होतं ते त्यांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं. आईने ते मला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून ती बाबांच्या भाकरीचे तुकडे चिमणीला टाकावे तेवढे लहान करून ठेवायला लागली. बाबांना जांभई नीट देता येत नव्हती. हसायचे तर ओठ मिटून, नाकातून. मला आठवतं तेव्हापासून त्यांचे खालचे दात मी कधी पाहिलेच नव्हते.

आणि डीपीवर जायच्या आधी, आल्यावर आणि मधे खर्रा चालूच. "बाबा, तुम्ही सगळ्यात खालच्या पायरीवर आहात," मी सांगितलं.

"मी तं खांबावर चढतो वो बाई," बाबा म्हणाले. "पायऱ्या कायले मोजू?"

इथे आमच्या घराण्याबद्दल एक सांगितलं पाहिजे. आमच्या पणजोबांनी छप्पन साली चंद्रपूरला दीक्षा घेतली आणि भूत, भानामती, अंगात येणं, सगळं एका दिवसात सोडलं. आमच्या घरात भूत मानत नाहीत. ज्या घराण्याला एका दिवसात सगळी भुतं सोडता आली, त्याला एवढीशी पन्नी सुटू नये, हे मी बाबांना अगदी वक्तृत्वाच्या शैलीत, हात वर करून विचारलं. बाबा म्हणाले, "भूत खिशात नोयतं ठेवाले लागत."

पण तेही पूर्ण खरं नव्हतं. पलीकडच्या पाळीवर एक मोठं मोहाचं झाड आहे. त्याच्याखाली फार वर्षांपूर्वी तलावाचा राखणदार बुधू बसल्या बसल्या मेला, गालात खर्रा धरून. तेव्हापासून गावात रीत आहे. पलीकडे जाणाऱ्याने बुधूच्या नावाने चिमूटभर खर्रा मोहाखाली ठेवायचा, म्हणजे तो वाट सोडतो. बाबाही ठेवायचे. "मानत नाई आपण," ते म्हणायचे, "पण ठेवाले काय जाते?" आणि बुधूसाठी खिशात खर्रा ठेवायचा म्हटल्यावर स्वतःसाठी वेगळा विचार करायची गरजच पडायची नाही.

मी प्रयोग सुरू केले. पहिल्यांदा बडीशेप पन्नीत भरून तास न् तास घोटली आणि बाबांच्या खिशात ठेवली. बाबांनी खांबावरून खाली थुंकली ती नेमकी ग्रामसेवकांच्या टोपीवर. मग मॅडमनी शिकवलेला श्वास. नाकाने हळू घ्यायचा, धरायचा, तोंडाने हळू सोडायचा. बाबांनी श्वास धरला आणि फोन वाजला. "सोमाजीभाऊ, लाइट कवा..." बाबांनी श्वास धरूनच उत्तर द्यायचा प्रयत्न केला. फोनवरचा माणूस घाबरून घरी धावत आला, सोमाजीभाऊला झटका आला म्हणून.

सल्ले तर मागूच नका. मुखरूकाका, जे बाबांना खर्रा विकतात, ते मला म्हणाले, "पोरी, तू लई टेन्शन घेऊन राह्यली. एक बारका घोटून देऊ का?" समोरचे डोमाजी आजोबा, ज्यांना निवृत्त झाल्यापासून सगळं येतं, म्हणाले, "त्याले हसवा. हसला का टेन्शन जाते आन् तोंडबी उघडते. दोन कामं एकात."

हे मात्र मला पटलं. हास्य क्लब! तलावाच्या गावाकडच्या पाळीवर, रोज सकाळी. मी ग्रामपंचायतीत परवानगी मागायला गेले. ग्रामसेवकांनी टोपी काढून खुर्चीमागे ठेवली आणि म्हणाले, "कारण काय लिहू? हसणे? हसण्याचं हेड नाई आपल्याकडे. तलाव स्वच्छतेत बसवू का?" बसवलं. त्यामुळे क्लबच्या प्रत्येक सभासदाने हातात खराटा घेऊन हसावं, अशी अट आली. वनरक्षक भाऊंनी आणखी अटी घातल्या. उजेड पडल्याशिवाय यायचं नाही, एकट्याने यायचं नाही, आणि वन्यप्राण्यांना त्रास होईल असं हसायचं नाही. "आणि वन्यप्राणी आमच्यावर हसला तर?" मी विचारलं. ते हसले नाहीत. हे मी तेव्हाच ध्यानात घ्यायला पाहिजे होतं.

पहिल्या सकाळी तलाव दिसतच नव्हता. नुसतं धुकं, पांढरं, जाड, पाण्यावर बसलेलं. त्या धुक्यात खराटे घेतलेली माणसं एकेक करून उभी राहिली. मुखरूकाका, डोमाजी आजोबा, आई आणि तिच्या बचत गटाच्या बायका. कोणी पाहिलं असतं तर तिथेच जीव सोडला असता. बाबा आले नाहीत. "मी का पागल हाओ?" एवढंच म्हणाले आणि पक्कड घेऊन बाहेर पडले.

मी शिकवल्याप्रमाणे आम्ही हसलो. हाहाहा. हात वर. होहोहो. मग थांबलो.

आणि पलीकडून कोणीतरी हसलं.

हाहा नव्हे. हुं. हुं. हुं. जणू कोणी आपल्याच तोंडावर हात दाबून हसतंय, आणि तो हात त्याचा नाही. पाण्यावरून तो आवाज इतका सपाट सरकत आला की माझ्या पायाशी येऊन थांबला असं वाटलं. काठावरचे बगळे उडाले. डोमाजी आजोबांचा खराटा हातातून पडला.

"पडसाद हाय," आई म्हणाली.

"पडसाद तं आपल्यासारखा हसन," मुखरूकाका हळूच म्हणाले. "हा तं दात आवळून हसून राह्यला."

दुसऱ्या दिवशीही तसंच. आम्ही हसायचो, थांबायचो, मग तो. आम्ही लवकर थांबलो तर तो मधेच अडकायचा, काहीतरी गिळल्यासारखा. एकदा मी हिंमत करून फक्त एकदाच "हा!" केलं. पलीकडून फक्त एकदा "हुं" आलं. त्या दिवशी बायका खराटे तिथेच टाकून घरी गेल्या.

गावाने लगेच ठरवलं. बुधू. कधी हसला नव्हता बिचारा, पोरीने त्याला हसायला शिकवलं. ग्रामसभेत ठराव आला की तलाव स्वच्छता तूर्त स्थगित करावी, कारण तलाव घाण झालेला परवडेल. वनरक्षक भाऊंनी सांगितलं, भूतबित काही नाही, तरस असेल. मग कोणीतरी विचारलं, तरस थांबून थांबून हसतं का? तर त्यांनी मोहाजवळ कॅमेरा लावला. त्यात आली मुखरूकाकांची म्हैस, बरीच रानडुकरं आणि एक फोटो नुसत्या धुक्याचा. त्या धुक्यात मधोमध एक गडद जागा होती, बसलेल्या माणसाएवढी. डोमाजी आजोबांनी तो फोटो पाहिला आणि ताप येऊन झोपले.

माझ्या अपमानाचं तर काय सांगू. शाळेत पोरं मला पाहून "हुं हुं हुं" करायची. त्यात घरात आणखी एक त्रास. विज्ञान प्रदर्शनासाठी मी कुल्फीच्या काड्यांची एक झोपडी बनवत होते, आणि तिच्या छपराच्या काड्या हळूहळू कमी व्हायच्या. आज एक, दोन दिवसांनी आणखी एक. जणू कोणीतरी छप्पर उघडून आत डोकावतंय. मी उंदरावर संशय घेतला. आई म्हणाली, "उंदीर कुल्फीची काडी कुरतडन, घेऊन कायले जाईन?" त्या रात्री मी झोपडीकडे पाठ करून झोपले नाही.

आणि बाबा? बाबा नेहमीसारखे डीपीवर जात-येत होते. एक गोष्ट मात्र बदलली होती. मुखरूकाका कुंपणावरून म्हणाले, "सोमाजीभाऊ आजकाल एकच पुडी नेतो. म्हणते, बुधूची हाय. सोताची नाई." मला वाटलं काका माझं मन राखायला बोलतायत. कारण माझ्या प्रकल्पात आता कोणीच कुठल्याच पायरीवर नव्हतं. सगळे जिना सोडून पळाले होते.

शेवटी मीच ठरवलं. भूत आमच्या घराण्यात मानत नाहीत, मग जाऊन बघायला काय हरकत? आई म्हणाली, एकटी गेलीस तर तंगडं मोडीन. म्हणून तीही आली, हातात काठी आणि मोबाइलवर मोठ्याने गाणं. उजेड पडला होता, पण धुकं तसंच. पाळीवरून चालताना गावाचा आवाज मागे मागे राहत गेला आणि मग अचानक संपला. मोहाच्या जवळ आलो तेव्हा आईने गाणं बंद केलं. का केलं, मी विचारलं नाही.

समोर कोणीतरी बसलं होतं. आमच्याकडे पाठ करून, मोहाच्या बुंध्याशी, मान वर. आणि ते हसलं. हुं. हुं. हुं.

मी आईच्या काठीचं दुसरं टोक धरलं. तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला, त्याने तो काढून कानाला लावला, आणि फोनमधून कोणीतरी ओरडलं, "सोमाजीभाऊ, लाइट कवा येते?"

बाबा वळले. त्यांच्या दातांत माझ्या झोपडीच्या काड्या होत्या. एकीवर एक रचलेल्या, वरचे आणि खालचे दात ताणून धरणाऱ्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणे, रोज तोंडात काड्या धरायच्या, आणि जमेल तशी एकेक वाढवायची. कोणाला न सांगता ते रोज इथे येऊन बसायचे. आमचा क्लब पलीकडे हसला की इथे काड्या धरून हसून बघायचे, तोंड किती उघडतं ते.

काड्या काढून त्यांनी गाल चोळले. डोळ्यांत पाणी होतं, दुखल्यामुळे असेल.

"घरी काऊन नाई केलं?" आई म्हणाली. आवाज मुद्दाम चढा होता.

"तुम्ही सारे तोंड भरून हसता," बाबा म्हणाले. "माह्य तोंड उघडतच नाई. लोकायसमोर कसा हसू?"

"लग्नात तं उघडलं नोयतं," आई म्हणाली, "तरी केलंच ना मी." आणि पदर तोंडाला लावून ती एकदम दुसरीकडे पाहायला लागली.

"मग खर्रा?" मी विचारलं.

"नाई खाल्ला. खिशात हाय तो बुधूचा."

माझ्या मनात जिना उभा राहिला. बाबा तिसऱ्या पायरीवर नव्हे, चौथीवर होते, आणि मला न विचारता चढले होते. थोडा राग आला, खरं सांगते. मग मी त्यांच्या हातातल्या ओल्या काड्या घेतल्या आणि खिशात ठेवल्या. छप्पर गेलं तर गेलं.

परत येताना बाबा म्हणाले, "तुमच्या क्लबात शेवटचा कोण हसे? मी थांबलो का मंग माह्या मांगून हसे तो."

आई आणि मी एकमेकींकडे पाहिलं. "पडसाद," आई म्हणाली. या वेळी कोणी वाद घातला नाही.

दुसऱ्या सकाळी सगळा गाव पाळीवर. बातमी पसरली होती की भूत म्हणजे सोमाजीभाऊच, आणि ज्यांना ताप आला होता तेही उठून आले होते, खराट्यांसकट. डोमाजी आजोबा प्रत्येकाला सांगत होते की त्यांना पहिल्या दिवशीच ओळखू आलं होतं. बाबा मधे उभे. लाजून पक्कड हातातच धरली होती. मी हात वर केला. हाहाहा. होहोहो. बाबाही हसले, अर्धवट, जमेल तसं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळं अगदी छान, सुटसुटीत संपलं होतं.

मग आम्ही थांबलो, आणि पलीकडून आवाज आला.

हुं. हुं. हुं.

बाबा आमच्यात होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, आईने पाहिलं, सगळ्या गावाने पाहिलं. त्यांचे ओठ मिटलेले होते. धुकं पाण्यावरून सरकत आमच्याकडे येत होतं, आणि त्या धुक्यासोबत ते हसू, या वेळी जरा जवळून.

मग एक बारीक सळसळ झाली. ती जंगलातून नव्हती. पाळीवरचा प्रत्येक हात खिशात गेला होता. बायकांचे हात कमरेच्या पिशव्यांकडे. मुखरूकाकांचे दोन्ही हात दोन्ही खिशांत. सगळा गाव एकाच वेळी पन्नी चाचपत होता, आणि माझ्या बाबांचा हातही.

बाबांनी पुडी बाहेर काढली. बुधूची. ताजी होती. त्यांनी ती उलगडली. मी बोलणार होते, माझ्याकडे सगळं भाषण तयार होतं, जिना, पायऱ्या, दोन बोटं, तीन बोटं. तालुक्यात पहिली आलेली मी, आणि माझं तोंडच उघडेना. आईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

बाबांनी पुडीकडे पाहिलं. मग पन्नी परत गुंडाळली, पाळीच्या दगडावर ठेवली, आणि धुक्याकडे तोंड करून हसले.

हा.

छोटंसं होतं. मग पुन्हा. हा, हा. जबडा दुखत असणार, कारण कपाळावर शिरा आल्या होत्या, पण तोंड उघडत गेलं, आणि मी पहिल्यांदा माझ्या बाबांचे खालचे दात पाहिले. एक किडका आहे, डावीकडचा. हाहाहा! सगळ्या तलावावर त्यांचंच हसू.

पलीकडे एकदम शांत झालं.

आम्ही कान देऊन उभे होतो. पाणीही हललं नाही. आणि मग धुक्यातून, मोहाच्या बाजूने, अगदी स्पष्ट, आमच्या सगळ्यांच्या ओळखीचा आवाज आला.

खर्र. खर्र. खर्र.

सगळ्यांनी आधी मुखरूकाकांकडे पाहिलं. काकांनी खिशातून दोन्ही रिकामे हात काढून वर केले.

खर्र. खर्र. भराभर. घाबरलेला माणूस घोटतो तसं.

बाबांनी गाल चोळला, पक्कड कमरेला खोचली आणि घराकडे वळता वळता म्हणाले, "चाला. त्याची तयारी अजून झाली नाई. बिचारा खालच्याच पायरीवर बसून हाये."